एका फळीवर दोन आवृत्त्या

जुना संगणक अडून बसला कीं घरोघर एकच उद्गार ऐकूं येतो: "आतां हा टाकून द्यावा आणि नवा घ्यावा." कित्येक पालक शाळेंत आम्हांस भेटून ह्याच बाबतींत सल्ला विचारितात. यंत्राचें एखादें अंग खरोखरच झिजलें असेल तर नवें घेणें योग्य होय. परंतु पुष्कळ वेळां यंत्र धडधाकट असतें, त्यावरील प्रोग्रामही निर्दोष असतो, आणि तरीही काम होत नाहीं. ह्या अडचणीचें मूळ बहुधा 'लायब्ररी' नांवाच्या वस्तूच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमधील विरोधांत असतें. तो विरोध कसा उत्पन्न होतो, कसा ओळखावा व कसा मिटवावा, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या विषयावर लिहिण्यास आम्हांस एक खासगी कारणही आहे. तें ओघानें पुढें येईल.

आमच्या शाळेच्या मैदानावर एक पर्जन्यमापक आहे. पावसाळ्याचे चारही महिने विद्यार्थी रोज सकाळीं त्यांतील पाणी मोजून मिलिमीटरचा आंकडा वहींत लिहितात. ह्या आंकड्यांवरून महिन्याची बेरीज व सरासरी काढून तक्ता तयार करणारा एक छोटा प्रोग्राम आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें २०१९ सालीं पायथन ह्या भाषेंत लिहून दिला. प्रयोगशाळेंतील सर्वांत जुन्या संगणकावर आम्हीं २०२० सालीं उबुंटू २०.०४ ही लिनक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, आणि तेव्हांपासून तो प्रोग्राम तेथें बिनतक्रार चालत असे. २०२४ सालच्या विज्ञानप्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं मात्र तक्ता निघेना. पडद्यावर इंग्रजींत कांहीं ओळी उमटत आणि प्रोग्राम थांबे. दोनच दिवसांपूर्वीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें आपल्या प्रदर्शनाच्या कामासाठीं त्याच संगणकावर कांहीं नवें घातलें होतें. आम्हीं त्यास सर्व वर्गासमोर उभें केलें. "सर, मीं फक्त पँडास घातलें. दुसऱ्या कशालाही हात लावला नाहीं," असें तो पुनःपुन्हां सांगत होता. आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. आम्ही त्यास कठोर शब्द बोललों व त्या संगणकास हात लावण्याची मनाई केली. तो अक्षरशः खरें बोलत होता, हें समजण्यास आम्हांस ती सारी संध्याकाळ लागली. तें कसें, हें कळण्यासाठीं प्रथम लायब्ररी म्हणजे काय तें पाहूं.

प्रोग्राम लिहिणारा मनुष्य प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत बसत नाहीं. वर्गमूळ काढणें, पडद्यावर अक्षरें उमटविणें, फाइल उघडणें, आंकड्यांच्या लांब रांगांची बेरीज करणें, हीं कामें हजारों प्रोग्रामांस लागतात. म्हणून कोणीतरी तीं एकदां नीट लिहून ठेवितो आणि इतर सर्वजण त्यांचा उपयोग करितात. अशा तयार लेखनाच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. नमपाय ही पायथन भाषेसाठीं केलेली आंकडेमोडीची लायब्ररी आहे; पँडास ही तक्ते हाताळण्याची आहे. विशेष हा कीं, पँडासची आंकडेमोड नमपायवर उभारलेली आहे. म्हणजे एक लायब्ररी दुसरीच्या खांद्यावर बसलेली असते.

शाळेच्या ग्रंथालयांत मोठ्या शब्दकोशाची एकच प्रत असते व ती सर्व वर्गांस पुरते. त्याचप्रमाणें संगणकांत पुष्कळशा लायब्ररींची एकच प्रत ठेवितात व अनेक प्रोग्राम तीच वापरतात. ह्यामुळें जागा वांचते, आणि एखादी चूक एके ठिकाणीं सुधारली म्हणजे ती सर्वांसाठीं सुधारते. हा लाभ मोठा आहे. परंतु ह्याच सोयीच्या पोटीं आपला प्रश्नही जन्मास येतो.

मुलांनो, तुमच्यांपैकीं पुष्कळजण थोरल्या भावाचें किंवा बहिणीचें जुनें पाठ्यपुस्तक वापरतात. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पण समजा, गुरुजींनीं सांगितलें, "पान ४२ वरील तिसरें उदाहरण सोडवा." नव्या आवृत्तींत त्या पानावर भागाकार आहे, तुमच्या जुन्या आवृत्तींत तेथें अपूर्णांक आहेत. तुमचें पुस्तक चुकीचें नाहीं, शेजाऱ्याचेंही नाहीं, आणि गुरुजींनींही कांहीं चूक सांगितलेलें नाहीं. केवळ बोलणाऱ्याच्या मनांतील आवृत्ति एक व ऐकणाऱ्याच्या हातांतील आवृत्ति दुसरी, एवढाच घोटाळा झालेला असतो. प्रोग्राम आणि लायब्ररी ह्यांच्यामध्यें हेंच घडतें. फरक इतकाच कीं, तुम्ही शेजाऱ्याच्या पुस्तकांत डोकावून काम भागवितां. प्रोग्रामास तें करितां येत नाहीं. त्यास हवें तें नांव सांपडलें नाहीं कीं तो तेथेंच थांबतो.

लायब्ररीची आवृत्ति सांगण्यासाठीं बहुधा तीन आंकडे लिहितात. नमपाय १.१७.४ ह्यांत पहिला आंकडा मोठ्या स्थित्यंतराचा, दुसरा नव्या भरीचा, आणि तिसरा किरकोळ दुरुस्तीचा. पहिला आंकडा बदलला तरच धोका, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तो नियम सर्वत्र पाळला जात नाहीं. मधल्या आंकड्याच्या बदलांतही जुनीं नांवें कधीं कधीं काढून टाकितात, आणि आमच्या बाबतींत नेमकें तेंच झालें होतें.

आतां त्या संध्याकाळची हकीकत ऐका. पहिल्या तासांत आम्हीं जें केलें तें कोणीही करूं नये. आम्हीं संगणक तीनदां बंद करून चालू केला, प्रोग्राम पुसून पुन्हां घातला, आणि उबुंटूच नव्यानें घालावें काय ह्याचाही विचार केला. तसें केलें असतें तर त्या संगणकावरील पांच वर्षांचे पावसाचे आंकडे कदाचित् आम्ही गमावून बसलों असतों. शेवटीं एक वही घेऊन पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरून काढिला. तेव्हां आम्हांस आढळलें कीं, आम्हीं तो पूर्वीं शेवटपर्यंत वाचिलाच नव्हता. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, नमपायमध्यें 'फ्लोट' नांवाची वस्तु नाहीं. हें नांव पायथनच्या स्वतःच्या 'फ्लोट'चें केवळ दुसरें नांव होतें. तरी आतां नमपायचा उल्लेख गाळून नुसतें 'फ्लोट' लिहावें. रोगाचें निदान व औषध दोन्ही त्या संदेशांतच होतीं!

पुढची पायरी म्हणजे, संगणकावर कोणती आवृत्ति आहे तें पाहणें. पायथनच्या लायब्ररी आणून बसविणारें 'पिप' नांवाचें साधन आहे. त्यालाच विचारिलें म्हणजे तें सांगतें. उबुंटू २०.०४ बरोबर नमपायची १.१७.४ ही आवृत्ति येते. पिप मात्र १.२४.४ सांगत होतें. ही कोणीं आणिली? त्या विद्यार्थ्यानें पँडास मागविलें होतें. त्या संगणकावर पायथन ३.८ आहे व त्यावर चालणारें शेवटचें पँडास २.०.३ हें होय. त्यास नमपाय निदान १.२०.३ तरी लागतें. संगणकावरील नमपाय त्याहून जुनें असल्यामुळें पिपनें न विचारतां नवें नमपाय सोबत आणिलें. मुलानें नमपायला हात लावला नव्हता. तें पँडासच्या बोटास धरून आंत आलें होतें. बसविण्याचें काम संपतांना पिप जी शेवटची ओळ छापतें, तींत काय काय घातलें ह्याची यादी असते. ती ओळ ना त्यानें वाचिली, ना आम्हीं.

फ्लोट हें जोडनांव बंद होणार, अशी सूचना नमपायच्या १.२० ह्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, देण्यांत येत होती. डिसेंबर २०२२ मधील १.२४ ह्या आवृत्तींत तें नांव प्रत्यक्ष काढून टाकिलें. जवळजवळ दोन वर्षांची ही आगाऊ सूचना आमच्या संगणकास कधींच मिळाली नाहीं. कारण तो १.१७ वरून एका उडींत १.२४ वर गेला. जुन्या संगणकांवर असे विरोध अधिक कां होतात, ह्याचें एक कारण येथें दिसतें. रोज थोडें थोडें बदलणाऱ्यास वाटेंत पाट्या दिसतात. वर्षानुवर्षें एके जागीं थांबून मग एकदम उडी घेणाऱ्यास त्या दिसत नाहींत.

तिसरा शोध आम्हांस सर्वांत अधिक बोचला. नव्या नमपायनें जुनें पुसलें नव्हतें. जुनी प्रत सिस्टीमच्या सामाईक जागेंत सुखरूप होती. नवी प्रत वापरणाऱ्याच्या खात्याच्या खासगी जागेंत बसली होती, आणि पायथन आधीं खासगी जागेंत पाहतो म्हणून जुनी झांकली गेली होती. त्या मुलाचें खातें वेगळें असतें तर त्याच्या नव्या प्रतीचा आमच्या प्रोग्रामास उपद्रव झालाच नसता. परंतु प्रयोगशाळेंत सर्वांनीं एकाच खात्यानें काम करावें, अशी व्यवस्था होती. आणि ती व्यवस्था आम्हींच सोयीसाठीं लावून दिली होती.

आतां उपाय. दोन प्रोग्रामांस एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या लागत असतील तर दोघांस एका फळीवर भांडत ठेवूं नये. प्रत्येकास स्वतंत्र फळी द्यावी. पायथनमध्यें ह्यासाठीं २०१२ सालच्या ३.३ ह्या आवृत्तीपासून 'वेन्व' नांवाचें साधन आहे. ह्याचीं अक्षरें व्ही, ई, एन, व्ही अशीं आहेत. उबुंटूवर तें निराळें मागवून घ्यावें लागतें. हें साधन एका घडीपत्रांत, म्हणजे फोल्डरमध्यें, स्वतंत्र फळी मांडून देतें. त्या फळीवर घातलेल्या लायब्ररी तिच्यापुरत्याच राहतात. आम्हीं खासगी जागेंतील नवें नमपाय व पँडास काढून टाकिलें, विद्यार्थ्याच्या कामासाठीं स्वतंत्र फळी केली, आणि तेथें त्याचें पँडास पुन्हां घातलें. रात्रीं आठाच्या सुमारास पावसाचा तक्ता निघाला आणि त्याचाही प्रोग्राम चालला. अशा एका फळीस शे-दोनशें मेगाबाइट जागा सहज लागते. जुन्या, लहान डिस्कवर तेवढा हिशेब मात्र ठेवावा.

प्रदर्शनानंतर आम्हीं जुन्या प्रोग्रामांतील तो एक शब्दही बदलला. बदलण्यापूर्वीं त्याची नक्कल ठेविली, आणि मागील वर्षांचे तक्ते दोन्ही रीतींनीं काढून आंकडा आंकड्याशीं ताडून पाहिला. दुरुस्ती झाली असें म्हणण्याचा अधिकार हा ताळा जुळल्यावरच मिळतो.

ह्यावरून जो क्रम आम्ही शिकलों तो विद्यार्थ्यांनीं वहींत उतरून घ्यावा. प्रथम कांहींही न बदलतां संदेश पूर्ण वाचावा व लिहून घ्यावा. नंतर अडलेली लायब्ररी कोणती, तिची आवृत्ति कोणती, व ती कोणत्या जागेंतून घेतली जात आहे, हें पाहावें. मग प्रत्येक प्रोग्रामास कोणती आवृत्ति लागते तें ठरवावें. त्यानंतर स्वतंत्र फळी करावी. शेवटीं, जें चाललें त्याच्या आवृत्त्यांची यादी एका फाइलींत जपून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीं येणाऱ्यास अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं.

हा कलह केवळ पायथनचा नव्हे. विंडोजवर लायब्ररींच्या फाइलींच्या नांवांपुढें 'डीएलएल' हीं अक्षरें असतात. १९९० नंतरच्या दशकांत नवा प्रोग्राम घालतांना तो आपली डीएलएल सामाईक जागेंत टाकी आणि तेथें आधीं असलेली दुसरी आवृत्ति पुसून जाई. मग भलताच प्रोग्राम बंद पडे. हा जाच इतका वाढला कीं, इंग्रजींत त्यास 'डीएलएलचा नरक' असें नांव पडलें. पुढें विंडोज २००० मध्यें सिस्टीमच्या फाइलींस संरक्षण दिलें, आणि २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्यें एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवण्याची सोय झाली. लिनक्सच्या बाजूसही २०२३ सालच्या डेबियन १२ मध्यें पिपला सामाईक जागेंत कांहीं घालूं देण्याचें बंद केलें; 'आधीं स्वतंत्र फळी करा' असें तेंच आतां बजावतें. दोन्हीकडचे लोक फिरून एकाच निष्कर्षावर आले आहेत.

एका लायब्ररीच्या बाबतींत मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. इयत्ता दहावींतील एका विद्यार्थिनीनें घरच्या उबुंटू २२.०४ वर सी भाषेंत प्रोग्राम तयार केला व तो पेनड्राइव्हवर शाळेंत आणिला. आमच्या संगणकानें 'जीलिबसी २.३४ सांपडली नाहीं' असें उत्तर दिलें. जीलिबसी ही लिनक्समधील पायाची लायब्ररी होय. उबुंटू २०.०४ मध्यें तिची २.३१ ही आवृत्ति आहे, २२.०४ मध्यें २.३५. प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या कार्यावर ऑगस्ट २०२१ च्या २.३४ पासून नवी खूण आली, म्हणून २.३५ वर तयार झालेला साधा प्रोग्रामही निदान २.३४ मागतो.

अशा वेळीं 'नवी फाइल आणून जुनीच्या जागीं ठेवूं' असा मोह होतो. हें कदापि करूं नये. फाइलींची यादी दाखविणारी आज्ञा, नक्कल करणारी आज्ञा, इतकेंच काय, चूक सुधारण्यासाठीं ज्या आज्ञा लागतील त्याही ह्याच पायावर उभ्या असतात. पाया काढून घेतला कीं त्या साऱ्या एका क्षणांत निकामी होतात. योग्य उपाय फार सोपा निघाला. त्या मुलीनें प्रोग्रामाचा मूळ मजकूर घरून आणिला व आमच्या जुन्या संगणकावरच तो पुन्हां कंपाइल केला. तो लगेच चालला. आणि तोच तयार प्रोग्राम तिनें घरीं नेला तेव्हां नव्या संगणकावरही चालला.

असें कां व्हावें? जीलिबसीचे कर्ते जुन्या कार्यांचीं रूपें नव्या आवृत्तींतही जपून ठेवितात, म्हणून जुन्यावर केलेलें नव्यावर चालतें; उलट मात्र होत नाहीं. २०१० सालीं फेडोरा १४ ह्या लिनक्समध्यें, स्मृतींतील मजकुराची नक्कल करणाऱ्या एका कार्याची रीत वेग वाढविण्यासाठीं बदलली होती. ज्या प्रोग्रामांनीं त्या कार्याचा नियम मोडला होता, ते तोंवर सुदैवानें चालत असत. बदलानंतर ब्राउझरमधील एका प्रसिद्ध प्रोग्रामाचा आवाज चिरका येऊं लागला. मोठा वाद झाला. २०११ सालच्या २.१४ मध्यें कर्त्यांनीं त्या कार्यास नवी खूण दिली, आणि जुन्या खुणेनें हांक मारणाऱ्यास जुनीच वागणूक मिळेल अशी व्यवस्था केली. नवें आणितांना जुन्याची सोय पाहणें शक्य आहे, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या म्हणजे यंत्र मेलें असें समजूं नये. तथापि जुन्या सिस्टीमवर कायमचें बसून राहणेंही बरें नव्हे. उबुंटू २०.०४ च्या सर्वसाधारण दुरुस्त्या मे २०२५ मध्यें थांबल्या. अशा संगणकावर, शक्य असेल तर, माहितीची नक्कल काढून संपूर्ण नवी सिस्टीम घालावी, म्हणजे सर्व लायब्ररी एकमेकींशीं जुळलेल्या मिळतात. फार जुन्या, ३२ बिटांच्या संगणकांस ही वाट अरुंद झाली आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्यें त्यांच्यासाठीं सिस्टीम बसविण्याचें साधन दिलेलें नाहीं. अशा यंत्रास इंटरनेटपासून दूर ठेवून ठराविक कामास वापरावें. पर्जन्यमापकाचा तक्ता काढण्यास त्याहून अधिक लागत नाहीं.

लेखारंभीं उल्लेखिलेलें खासगी कारण आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. प्रदर्शनाच्या दिवशीं सकाळीं आम्हीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. परंतु ती दोघांतच मागितली होती, आणि रागें भरलों होतों तें मात्र सर्व वर्गासमोर. हा हिशेब बरोबर नव्हता. म्हणून ज्या अंकाच्या प्रती सर्व वर्गांत व सर्वांच्या घरीं जातील, त्यांत आम्ही लिहितों कीं, तो मुलगा खरें बोलला होता आणि चूक आमची होती. ह्या जूनपासून प्रयोगशाळेंत प्रत्येक विद्यार्थ्याचें खातें वेगळें आहे. त्या जुन्या संगणकाची देखरेख सध्यां त्याच्याचकडे असून, त्याच्या शेजारीं एक वही दोरीनें बांधून ठेविली आहे. कोणीं काय घातलें, कोणती आवृत्ति आली, आणि शेवटची ओळ काय होती, हें तींत लिहिल्याशिवाय कोणीही उठावयाचें नाहीं, असा त्याचा नियम आहे. तो आम्हांसही लागू आहे.